लूप समेवर यायला हवा

प्रश्न : मी एक छोटा कोड्यांचा गेम करतो आहे. पूर्ण गेम २ एमबीत बसवायचा आहे. पाच सुरावटी आहेत, प्रत्येकी दीड मिनिटाची. बासरी भावाने खरी वाजवली आहे, बाकीची वाद्यं कॉम्प्युटरवर केली आहेत. एमपी३ केल्यावर संगीतच ७ एमबीच्या वर जातं. मिडी अगदी लहान होते, पण तिच्यात भावाची बासरी राहत नाही. काय करू?

उत्तर : मिडीबद्दल तुम्हाला जे जाणवलं, ते अगदी बरोबर आहे. मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच. कोणता स्वर, किती जोरात, किती वेळ, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. वाद्य पुरवतो तो ऐकणाऱ्याचा कॉम्प्युटर. माझ्या पहिल्या गेमला मी मिडीच वापरली होती. घरी ऐकताना मऊ वाटणारी बासरी मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर पत्र्याच्या शिट्टीसारखी वाजली. त्या दिवसापासून, सूर नेमका कसा ऐकू यावा याला महत्त्व असेल तिथे मी मिडी वापरत नाही.

एमपी३चा हिशेबही तुम्ही बरोबर केलात. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट धरले तर, मिनिटाला साधारण ९६० केबी, म्हणजे साडेसात मिनिटांचे ७.२ एमबी. मोनो करून ६४ वर आणलंत तरी ३.६ एमबी होतात. ओपस या जास्त दाबून साठवणाऱ्या प्रकारात ३२ केबीपीएसवर १.८ एमबीत बसेल, पण मग चित्रं आणि कोड कुठे ठेवणार?

तुमच्या कामाला मॉड्यूल या प्रकारची संगीत फाइल चांगली. १९८७मध्ये अमिगा कॉम्प्युटरसाठी कार्स्टन ओबार्स्की यांच्या अल्टिमेट साउंडट्रॅकरपासून ही पद्धत पसरली. स्वरलिपी आणि वाद्यांचे छोटे नमुने, म्हणजे रेकॉर्ड केलेले तुकडे, एकाच फाइलमध्ये राहतात, त्यामुळे तुमची बासरी सगळीकडे तुमचीच वाजते. स्वरलिपीला जागा किती लागते ते पाहा. मॉड हा मॉड्यूलचा जुना प्रकार. त्यात चार चॅनेल, म्हणजे एका वेळी वाजणारे चार आवाज. त्याच्या एका पॅटर्नच्या, म्हणजे स्वरलिपीच्या एका पानाच्या, ६४ ओळी असतात, दर ओळीत प्रत्येक चॅनेलचा एक खाना आणि दर खान्याला ४ बाइट, म्हणजे बरोबर १०२४ बाइट. नेहमीच्या वेगाने हा पॅटर्न ७.६८ सेकंद चालतो. दीड मिनिटाला असे बारा पॅटर्न, म्हणजे जेमतेम १२ केबी! बाकीची जागा खातात ते नमुने.

तुम्ही मॉडऐवजी एक्सएम हा मॉड्यूलचा पुढचा प्रकार घ्या. त्यात ३२पर्यंत चॅनेल, १६ बिटचे नमुने आणि आवाजाचा चढ-उतार आखायला एन्व्हलप मिळतात. मिल्कीट्रॅकर किंवा ओपनएमपीटी या मॉड्यूल बनवायच्या प्रोग्रामांत काम होईल.

खरी मेहनत बासरीवर करा. लांब स्वर पूर्ण साठवू नका. फुंक लागते तो सुरुवातीचा भाग आणि त्यामागचा स्थिर सुराचा छोटा तुकडा एवढंच ठेवा, आणि त्या स्थिर तुकड्यावर लूप लावा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा वाजत राहील. २२,०५० हर्ट्झ (सेकंदाला आवाजाची इतकी मोजमापं), १६ बिट, मोनोमध्ये ०.६ सेकंदाला सुमारे २६ केबी लागतात. एकाच स्वरावरून सगळं सप्तक ओढू नका. खाली नेलेली बासरी सुस्तावते आणि वर नेली की चिरकते. तीन-चार स्वरांच्या अंतराने चार नमुने घेतलेत तर शंभर केबीच्या आसपास काम भागतं, आणि भावाची फुंक ओळखू येते. एवढ्यासाठी मी शंभर केबी आनंदाने देईन. काटकसर खर्जाच्या वाद्यात करा. ते ११,०२५ हर्ट्झवरही चालतं. झांजेचं मात्र तसं नाही. या हर्ट्झच्या आकड्याच्या निम्म्याहून वरचे सूर टिकतच नाहीत, आणि झांजेचा जीव वरच्या भागातच असतो.

स्वर हळूहळू विरायला हवा असेल तर ते काम एन्व्हलपला सांगा. विरत जाणारा नमुना ८ बिटमध्ये ठेवला की शेवटी खरखर उरते.

आणखी एक गोष्ट. पाच फाइली केल्यात तर तीच बासरी पाचदा साठेल. पाचही सुरावटी एकाच मॉड्यूलमध्ये पाठोपाठ मांडा. प्रत्येकीच्या शेवटी तिच्याच सुरुवातीला परत नेणारी उडीची आज्ञा द्या, आणि गेममधून हव्या त्या जागेवर उडी मारा. कोडं अवघड झालं की ढोलाचे चॅनेल उघडायचे, सुटलं की मिटायचे, हेही जमतं. पक्क्या रेकॉर्डिंगमध्ये ते करायला वेगवेगळे थर साठवावे लागतात. फक्त मॉड्यूल वाजवणाऱ्या लायब्ररीचं वजनही २ एमबीत धरा. लिबएक्सएमपी-लाइट लहान आहे. गेम बनवायची रेलिब ही लायब्ररी वापरत असाल तर एक्सएम वाजवायची सोय त्यात आहेच.

प्रश्न : माझं संगीत पूर्ण रेकॉर्ड केलेलं आहे, आणि जागेची तेवढी टंचाई नाही. एमपी३ की ऑग (ध्वनी दाबून साठवायचा दुसरा प्रकार)? लूप फिरताना बारीकसा अडखळा येतो.

उत्तर : ऑग व्हॉर्बिस. एमपी३ ध्वनी ११५२ मोजमापांच्या ठोकळ्यांत बांधते. ठोकळा भरायला आणि एन्कोडरच्या (एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रामच्या) कामासाठी सुरुवातीला व शेवटी शांतता जोडली जाते. काही प्लेअर ती कापतात, काही कापत नाहीत. ही फट सेकंदाच्या काही शतांशांची असते, पण समेवर पाऊल पडणार तेवढ्यात पायरी सरकावी तसं होतं. या एका अडखळ्यासाठी मी दोन रात्री माझा कोड तपासत बसले होते, आणि दोष फाइलच्या बांधणीत होता. ऑगमध्ये लांबी एकेका मोजमापापर्यंत नेमकी कळते. मूळ वेव्ह फाइलमध्ये शेवटच्या स्वराची आस, म्हणजे विरत जाणारा आवाज, कापली गेली असेल तर मात्र कुठलाही प्रकार वाचवणार नाही. ती आस उचलून लूपच्या सुरुवातीवर मिसळा. एमपी३च्या पेटंटची जुनी अडचण २०१७मध्ये संपली, तेव्हा त्या कारणाने एमपी३ टाळायची गरज उरलेली नाही.

प्रश्न : जेएस१३केगेम्स या १३ केबीत गेम बसवायच्या स्पर्धेत उतरायचं आहे. १३ केबीत संगीत बसतं?

उत्तर : बसतं. नमुने मात्र विसरा. मर्यादा झिप केलेल्या गेमची, १३,३१२ बाइट. तेव्हा आवाज कोडनेच जन्माला घाला. चौकोनी लहरीचा खर्ज, गोंगाटाच्या छोट्या फटक्याचा ढोल, आणि स्वर नुसते आकडे. झेडझेडएफएक्सएम किंवा साउंडबॉक्स ही साधनं या कामासाठीच आहेत. झिपला पुनरावृत्ती आवडते, म्हणून चार ओळी हुबेहूब तशाच परत येऊ द्या. प्रत्येक फेरीत एखादा स्वर बदलायचा मोह होतो, पण तो प्रत्येक बदल बाइट मागतो. वेगळेपणा हवा असेल तर तीच ओळ वरच्या सप्तकात वाजवा. त्याला एक आकडा पुरतो.