ओढा, बूट आणि परतीची वेळ: पावसाळी ट्रेकविषयी प्रश्नोत्तरे

मृग लागला की माझ्याकडे ट्रेकचेच प्रश्न जास्त येतात. त्यातले हे चार.

मी ४६ वर्षांची, बैठं काम करणारी. ऑफिसच्या गटाने जुलैत कळसूबाई ठरवलंय. महिना हातात आहे. जमेल का? (ठाणे)

जमेल, पण रविवार टाळा. १६४६ मीटरचं हे राज्यातलं सर्वांत उंच शिखर, त्यामुळे पहिल्यांदा डोंगर चढणारे बरेचसे तिथेच जातात. उभ्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्याखाली ओल्या कपड्यांत रांगेत उभं राहावं लागतं. तेवढ्यात अंग गार पडतं, पोटऱ्या आखडतात.

तयारी म्हणजे जिने. आठवड्यातून चार दिवस, सॅकमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या टाकून. बहुतेक जण जिना चढतात आणि खाली लिफ्टने येतात, तिथेच फसगत होते. चढताना लागलेली धाप पाच मिनिटं टेकलं की बसते. उतरताना मांड्या थरथरायला लागल्या की बसून फारसं भागत नाही. म्हणून उतरायचंही जिन्यानेच. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

मुलगी १९ वर्षांची आहे. इन्स्टाग्रामवर पाहिलेल्या एका ग्रुपबरोबर हरिश्चंद्रगडाला निघाली आहे. नाही म्हणवत नाही, पण धीरही होत नाही. ग्रुपला काय विचारू? (नाशिक)

आधी वाट विचारा. नुसतं 'हरिश्चंद्रगड' म्हणून काही कळत नाही. पाचनईची वाट त्यातल्या त्यात सोपी, खिरेश्वरहून तोलार खिंडीतून जाणारी लांब पल्ल्याची, आणि नळीची वाट फक्त मुरलेल्यांची. पावसाळ्यात नवख्यांना कोणी नळीने नेत असेल तर सरळ पैसे परत मागा.

मग विचारा, सगळ्यांत मागे कोण चालणार? पुढे धावणारे लीडर पुष्कळ असतात. मागे रेंगाळणाऱ्या शेवटच्या माणसाच्याही मागे कोणी हवा.

आणि परत किती वाजता फिरणार? मी या एका उत्तरावरून ग्रुप जोखतो. 'माथ्यावर पोचलो की' हे उत्तर नव्हे. घड्याळातली वेळ हवी, समजा दुपारी एक. मग एक वाजता माथा पंधरा मिनिटांवर असला तरी पाठ फिरवायची. पावसाळ्यात धुकं उतरलं की झाडीत संध्याकाळ लवकरच होते, आणि टॉर्च नेमकी सॅकच्या तळाशी असते.

पायथ्याच्या गावातला वाटाड्या सोबत घेणार का, हेही विचारून घ्या. गवत माजलं की पायवाट कुठली आणि ढोरवाट कुठली, हे मोबाइलच्या नकाशापेक्षा त्याला जास्त कळतं. शिवाय कोणी हरवलंच तर शोधायला आधी गावच बाहेर पडतं. त्या गावाचं नाव आणि वाटाड्याचा नंबर तुमच्याकडे लिहून ठेवा. वर अनेकदा रेंज नसते, त्यामुळे मुलीचा फोन लागला नाही म्हणून लगेच घाबरू नका. ठरलेली वेळ टळून गेली तर मात्र थेट गावात फोन करा.

जाताना घोट्याएवढा असलेला ओढा परतताना मांडीला लागला. कमरेला दोर बांधून ओलांडावा का? (पनवेल)

नाही. बसून राहा. जोराच्या पाण्यात पाय सुटला की तोच दोर ताणला जाऊन माणसाला पाण्याखाली दाबतो. डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या पठारावर पाऊस कोसळत असू शकतो. कातळात पाणी मुरत नाही, ते तासाभरात तुमच्यापर्यंत येतं. ओढा गढुळला, पालापाचोळा वाहून यायला लागला, की काठ सोडून उंचावर जायचं. आपले डोंगरी ओढे चढतात तसे उतरतातही. एकदा आम्ही भिजलेल्या चिवड्यावर तीन तास काढले आणि मग त्याच जागेवरून घोटाभर पाण्यातून चालत आलो. घरी बोलणी खाल्ली, एवढंच. सांदण दरीत मात्र पावसाळ्यात उतरूच नका, दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत, पाणी आलं तर चढायला जागा नाही.

महागडे बूट घ्यावेतच का? (सांगली)

नको. रबरी तळ, खोल खाचा आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा, एवढं पाहा. नवे बूट आठवडाभर घरात, बाजारात घालून हिंडा. पायाची नखं आधीच कापा, नाहीतर उतारावर बोटं पुढे आपटून नख काळं पडतं. मोज्यांचा कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. शेवाळलेल्या कातळावर मात्र दहा हजारांचा बूटही घसरतो, तिथे बसून उतरायला लाजू नका.