भूकंपानंतर मदत जाहीर होऊनही घरं उभी राहायला इतकी वर्षं का लागतात?

कारण वेळ बांधकामात जात नाही, दोन कामांच्या मधल्या थांबण्यात जातो. साहित्य आणि गवंडी हाताशी असले तर दोन खोल्यांचं घर काही महिन्यांत होतं.

सुरुवातीला अडतं ते मदत कोणाला मिळणार, त्या यादीवर. घर ‘पूर्ण पडलं’ की ‘अंशतः’ यावर तक्रारी होतात, फेरपाहणी होते. तोवर मलबाही हलवता येत नाही, कारण तोच पुरावा. मग जागेचे कागद: नाव आजोबांचं, वारस पाच, त्यातले दोन परगावी. यंत्रणाही उशिरा उभी राहते. नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ला भूकंप झाला, पण पुनर्निर्माण प्राधिकरण कामाला लागायला डिसेंबर उजाडला. मधला पावसाळा लोकांनी पत्र्याखाली काढला.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खातात ते हप्ते. पैसे टप्प्याटप्प्याने मिळतात: जोतं झालं, भिंती झाल्या, छत झालं, आणि दरवेळी अभियंत्याचा शेरा लागतो. अभियंते मोजके. ते येईपर्यंत काँक्रीट ओतलेलं असतं आणि आतली सळई दिसत नाही, म्हणून शेरा अडतो. कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचे हुक, म्हणजे त्यांची टोकं, १३५ अंशांत आत वळवलेले हवेत. ९० अंशांचा हुक हादऱ्यात उघडतो आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. दगडी भिंतीत आरपार जाणारे दगड नसतील, तर भिंतीचे दोन थर सुटे होऊन कोसळतात. अशा चुका सापडल्या की केलेलं काम तोडावं लागतं. म्हणून काँक्रीट ओतण्याआधी रिंगांवर टेप धरून फोटो काढाच: रिंगांमधलं अंतर, हुक आणि लिंटेल पट्ट्याची (दारं-खिडक्यांच्या वरून भिंतींत फिरणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्याची) सळई कोपऱ्यात वळून पुढच्या भिंतीत गेलेली. ते फोटो पाहणीला कितपत चालतील, हे आधीच विचारून ठेवा.

गवंडी सगळ्यांनाच एकदम हवे असतात, मजुरी चढते, मदतीची रक्कम मात्र तीच राहते. पाण्याचंही तसंच. भूकंपानंतर काही ठिकाणी झरे आटतात आणि काँक्रीटला निदान ७ दिवस पाणी मारायचं असतं. त्यात कसूर झाली तर ताकद कायमची घटते.

अर्धवट घरांमागे बहुतेकदा एक हिशेब चुकलेला असतो: पाया सगळ्या कुटुंबाच्या मापाचा घातला, पैसे जोत्यावरच संपले. हातातल्या पैशात छतापर्यंत जाईल एवढंच घर आधी आखा. वाढीव खोली पुढे वेगळ्या पायावर, मध्ये फट ठेवून बांधता येते.