वाचक विचारतात : गट पाडले, आता पुढे?

प्रश्न : पाचवीला ३६ मुलं आहेत. चौघांचे नऊ गट पाडते. पण गोंगाट होतो, हुशार मूल सगळं उरकून टाकतं आणि बाकीचे बघत बसतात. शेवटी फळ्यावर मीच सांगते. ४० मिनिटांच्या तासिकेत विद्यार्थीकेंद्री शिकवणं बसतं का?
– एक शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : बसतं, पण नुसती बाकांची तोंडं फिरवून नाही. एकट्याला उरकता येईल असं काम दिलं तर हुशार मूल ते उरकणारच. त्यात त्याचा काय दोष?

क्षेत्रफळाचा पाठ घ्या. सोलापुरात चादरीला तोटा नाही. १५० बाय २२५ सेंमीची चादर व्हरांड्यात पसरा. चादरी कमी पडल्या तर त्याच मापाचे आयत खडूने आखा. वर्तमानपत्राचे २५ सेंमी बाजूचे चौकोन आदल्या दिवशीच कापून ठेवा आणि माप काटेकोर घ्या. २४ चे झाले तर काठाला फट राहते आणि सगळा वाद त्या फटीवरच होतो.

प्रत्येक गटाला चौकोन द्यायचे फक्त २०. प्रश्न एकच : अख्खी चादर झाकायला असे किती लागतील? सूत्र सांगू नका. लागतात ५४. तेवढे हातात दिले तर मुलं मोजून मोकळी होतात, गुणाकाराची गरजच पडत नाही. टंचाई मुद्दाम ठेवायची.

मग काही गट एक आडवी ओळ लावतील, एक उभी. इथे एक चूक हमखास होते. कोपऱ्यातला चौकोन आडव्या ओळीत मोजला म्हणून उभ्या ओळीत तो सोडून देतात आणि ६ × ८ = ४८ म्हणतात. कुणी सहा-नऊ-सहा-नऊ अशी बेरीज करून ३० सांगतं. त्याने परिमिती काढलेली असते. ५४, ४८, ३० अशी आलेली सगळी उत्तरं फळ्यावर लिहा, बरोबर-चूक काही बोलू नका. ‘प्रत्येक ओळीत किती? अशा ओळी किती?’ एवढंच विचारा आणि मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. ती शांतता शिक्षकालाच जड जाते. तेवढं थांबलं नाही तर मुलं उत्तराची वाट बघायला शिकतात.

पाच मिनिटं प्रश्नाला, पंधरा कामाला, पंधरा चर्चेला. उरलेल्या पाचांत प्रत्येकाने वेगळ्या मापाचं एक गणित एकट्याने वहीत सोडवायचं. वेळ कमी पडला की नेमकी याच पाच मिनिटांवर काट बसते आणि कुणाला आलं, कुणाला नाही, हे कळायची सोय जाते. गटातर्फे कोण बोलणार ते काम संपल्यावर चिठ्ठी काढून ठरवा. चिठ्ठी कुणाचीही निघू शकते म्हटल्यावर हुशार मुलाला बाकी तिघांना समजावून सांगावंच लागतं.

गोंगाट चाललाय तो चौकोनांवरून असेल तर चालू द्या.

सगळंच असं शिकवायला जाऊ नका. संज्ञा, एककांची नावं, सनावळ्या सरळ सांगाव्यात. त्या शोधून काढायला लावण्यात काही हशील नाही. सुरुवातीला आठवड्याला असे दोन पाठ पुरे.

प्रश्न : घरी तेलुगू बोलणारी मुलं गटात मराठी सोडून देतात. अडवावं का?

उत्तर : अडवू नका. विचार तेलुगूत करू द्या, वर्गाला सांगणं मराठीत होऊ द्या. लांबी, रुंदी, क्षेत्रफळ हे शब्द फळ्याच्या कडेला कायम लिहिलेले असावेत. दोन्ही भाषा येणारं एक मूल प्रत्येक गटात ठेवा. अक्कलकोटकडे कन्नड मुलांसाठीही हेच.

प्रश्न : मुलीची वही निम्मी कोरी असते. ‘कृतीतून शिकवतो’ म्हणतात. हे परदेशी फॅड तर नव्हे?
– एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी कृतीतून शिकवण्याचे प्रयोग करायला शिकागोत १८९६ साली प्रयोगशाळा-शाळा काढली, हे खरं. पण बालशिक्षणाचं काम करणारे भावनगरचे गिजुभाई बधेका आणि आपल्याकडच्या ताराबाई मोडक यांनीही मुलांच्या कृतीलाच मान दिला. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २९ मध्येही कृती, शोध आणि बालकेंद्री पद्धतीचा उल्लेख आहे.

तरीही तुमची शंका रास्त आहे. मुलीला ‘आज काय शिकवलं?’ असं विचारू नका. ‘आज कशावर वाद झाला?’ असं विचारा. वहीत आठवड्याला निदान दोन-तीन तरी तिने स्वतः सोडवलेली, तारीख घातलेली गणितं दिसायला हवीत. तीही नसतील तर शिक्षकांना भेटा आणि वही सोबत न्या.