स्पेस-हॉरर गेममध्ये धडधड कुठून येते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओसाड अंतराळस्थानकावरचा छोटा गेम, मागे सतत वाजणारा पाच-सहा मिनिटांचा गूढ ट्रॅक, गोष्ट सापडणाऱ्या नोंदींमधून उलगडते, आणि तरी खेळून बघणारे म्हणतात, "वातावरण मस्त आहे, पण भीती वाटली नाही." म्हणून ट्रॅक बदलावा का?

ट्रॅक बदलून फरक पडेल असं मला वाटत नाही. खेळाडू निवांत फिरत असताना जे वाजतं तेच तो मरायला टेकला असतानाही वाजतंय, म्हणजे गेममध्ये काय चाललंय याचा तुमच्या संगीताला पत्ताच नाही. असं संगीत कान थोड्याच वेळात ऐकेनासे होतात. ताण यायला दोन गोष्टी लागतात. एखाद्या आवाजाचा अर्थ गोष्टीने आधी शिकवलेला असावा लागतो, आणि मग तो आवाज कधीही खोटा पडता कामा नये.

हे फार जुनं आहे. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी केलेल्या 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये संगीत म्हणजे उतरत्या चार सुरांचा ठेका, बस. एलियन कमी होत जातात तसे उरलेले भराभर सरकायला लागतात, कारण थोड्याच आकृत्या काढायच्या राहिल्या की प्रोसेसरचं काम लवकर उरकायचं. ठेकाही त्यांच्याबरोबर पळतो. पडद्याकडे न बघताही पाणी कुठवर आलंय ते कळतं.

'डेड स्पेस'ने (२००८) तीच कल्पना मोठ्या ऑर्केस्ट्रावर आणली. संगीतकार जेसन ग्रेव्हज यांनी वादकांकडून ठरलेल्या चालीऐवजी खरवडणं, घसरणं, कुजबुजणं असले आवाज वाजवून घेतले आणि संगीत तीव्रतेच्या चार थरांत बांधलं. कुठला थर किती वर काढायचा हे ठरवायला लेव्हलमध्ये 'फिअर एमिटर', म्हणजे भीती पसरवणारे बिंदू, पेरलेले असतात. खेळाडू त्यांच्या जितका जवळ, तितकं संगीत बिथरतं. मला यातलं आवडतं ते हे की भीती कुठे बसवायची हा निर्णय लेव्हल रचणाऱ्याच्या, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात आला. आणि जहाजाच्या बाहेर, निर्वातात पाऊल टाकलं की सगळं दबतं आणि नायक आयझॅकचा श्वास तेवढा राहतो. भुताची गोष्ट रंगवून सांगणारा माणूस ऐन वेळी आवाज उतरवतो, तसंच.

पण आवाजाला अर्थ कसा चिकटवायचा हे शिकायचं असेल तर 'एलियन: आयसोलेशन' (२०१४) हेडफोन लावून खेळा. अमांडा रिप्ली सेव्हास्टोपोल स्थानकावर आपल्या आईच्या जहाजाचा फ्लाइट रेकॉर्डर शोधायला येते. म्हणजे पुढे जाण्याचं कारण पक्कं आहे आणि माघार नाही. स्थानकावर एक परग्रही शिकारी प्राणी मोकाट आहे, आणि हातात मोशन ट्रॅकर, म्हणजे आसपासची हालचाल टिपणारं यंत्र. त्याची टिकटिक हा तुमचा एकमेव आधार, पण प्राणी जवळ असला तर तीच टिकटिक त्याला ऐकू जाते. लॉकरमध्ये लपलात, तो बाहेर येऊन हुंगतोय, मागे सरकून श्वास रोखून धरलाय, आणि फार वेळ रोखला तर जीव घटतो. सेव्ह करायलाही भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून दिवे एकेक करून लागेपर्यंत उभं राहावं लागतं, आणि त्या काही सेकंदांत मागून झडप येऊ शकते. प्राणी छतातल्या हवेच्या नळ्यांमधून सरकतो तेव्हाची खडखड अर्ध्या तासात तुम्हाला पाठ होते. तिथून पुढे गेमला प्राणी दाखवायची गरज उरत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला 'आउटर वाइल्ड्स' (२०१९). (खेळला नसेल तर हा परिच्छेद सोडा, कारण तो गेम एकदाच नव्याने खेळता येतो.) सूर्य २२ मिनिटांनी फुटतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. फुटण्याच्या साधारण दीड मिनिट आधी अँड्र्यू प्रालो यांची एक संथ, उदास धून हळूच सुरू होते. पहिल्यांदा ऐकताना ती नुसती सुंदर वाटते. दोन-तीनदा मेल्यावर तीच धून सुरू झाली की पोटात खड्डा पडतो: भिंतीवरचं लिखाण अर्धं वाचून झालंय, दार समोर आहे, आणि आता वेळ नाही. सुरांत एकही कर्कश जागा नाही. धूनही तीच आहे. बदललंय ते तुम्हाला असलेलं ज्ञान. गोष्टीने संगीताला अर्थ द्यायचा म्हणजे काय, याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही. त्यात वेगवेगळ्या ग्रहांवर बसलेले प्रवासी आपापलं वाद्य वाजवत असतात, कुणी बँजो, कुणी बासरी, कुणी माउथ ऑर्गन, आणि सिग्नलस्कोप, म्हणजे लांबचे आवाज पकडणारं यंत्र, फिरवला की ते लांबून ऐकू येतात. त्या अफाट पोकळीत बँजो ऐकू आला की धीर येतो. धीर देणारं काही असलं तरच ते हिरावलं जाण्याची भीती असते. तुमच्या गेममध्ये असं काहीच नाही, हे जरूर बघा.

प्रसंगाच्या उलट संगीत लावायचं असेल तर 'होमवर्ल्ड' (१९९९) आठवा. परत येऊन बघता तर कराक हा तुमचा ग्रह जळतोय, गोठवून ठेवलेली शेवटची माणसं वाचवायला लढावं लागतंय, आणि मागे युद्धाचे नगारे न वाजता सॅम्युएल बार्बर यांचं 'आन्युस देई' हे समूहगान. लढाई जिंकता येते, पण संगीत सांगतं की जे जायचं ते आधीच गेलंय.

आता तुमच्या गेमचं. ट्रॅक फेकू नका, त्याचे स्टेम, म्हणजे वेगवेगळ्या वाद्यांचे थर, वेगळे करून घ्या: घुमणारा खर्ज, वरची तंतुवाद्यं, ठोके. एफमॉड किंवा वाइज या गेमचा आवाज हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक पॅरामीटर, म्हणजे बदलता आकडा, करा, 'धोका किती जवळ', आणि थर त्यावर बांधा. धोका नसेल तेव्हा खर्जसुद्धा बंद ठेवा. पंख्याची घरघर आणि पावलं पुरतात. मग तुमच्या नोंदींपैकी एक नव्याने लिहा. सध्या त्या नुसता इतिहास सांगतात. एखादा तंत्रज्ञ लिहून गेलाय असं करा की, पाइपांतून शीळ आली की ते खालच्या मजल्यावर असतं, शीळ थांबली की वर आलेलं असतं. ही नोंद पहिल्या दहा मिनिटांत सापडू द्या. त्यानंतर शीळ थांबली की प्रत्येक वेळी ते खरंच वर आलेलं असलं पाहिजे. नुसतं दचकवायला म्हणून एकदा जरी फसवलंत, तरी खेळाडू त्या शिळेवर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

मग कुणाला तरी खेळायला बसवा आणि तुम्ही पडद्याकडे पाठ करून फक्त ऐका. तो आत्ता सुरक्षित आहे की नाही हे आवाजावरून ओळखता आलं नाही, तर थर अजून नीट बांधलेले नाहीत. गेमची नवी बिल्ड (चालणारी आवृत्ती) झाली की इथेच टाका, मी हेडफोन लावून खेळेन आणि कुठे काय जाणवलं ते सविस्तर लिहीन.