‘सगळं नीट होईल’ म्हणणं आता बंद करा

प्रश्न : ताई नमस्कार, माझी बायको बेचाळीस वर्षांची आहे, मोठ्या आतड्यात गाठ निघाली म्हणून पुण्यात ऑपरेशन केलं, आठवड्यात घरी जाल म्हणाले होते. पाचव्या दिवशी ताप आला, पोट फुगलं, आतड्याचा जोड लीक झालाय म्हणून रातोरात दुसरं ऑपरेशन, मग आयसीयू आणि आता पोटावर शौचाची बॅग. महिना होऊन गेला, अजून वॉर्डातच आहोत. आयसीयूत तर ती मला ओळखतही नव्हती, भिंतीवर मुंग्या चालतायत म्हणायची. आता भानावर आहे पण बोलत नाही, बॅगकडे बघत नाही, मी जवळ बसलो की ‘तुम्ही घरी जा’. मी आपला ‘सगळं नीट होईल’ म्हणत बसतो. मुलगी दहावीला, सासूबाईंकडे आहे. नातेवाईक वर ऐकवतात की दुसरीकडे दाखवायला हवं होतं. मी नक्की काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर : नातेवाईकांचं आधी उरकून टाकते. आतड्याचा जोड लीक होणं ही या ऑपरेशनची माहीत असलेली गुंतागुंत आहे, चांगल्या सर्जनच्या हातूनही होते, आणि बहुतेकदा याच पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास कळते. तुमची निवड चुकली असं यावरून काही ठरत नाही, फोन ठेवून द्या.

मुंग्यांचं म्हणाल तर त्याला डिलिरियम म्हणतात, इन्फेक्शन, औषधं, झोप नाही, दिवस-रात्र कळत नाही यातून आयसीयूत पुष्कळ पेशंटना होतो, वेड वगैरे नाही. पण तिला त्यातलं अर्धंमुर्धं आठवत असेल आणि ती मनातून घाबरलेली असेल, म्हणून तुम्हीच विषय काढा, असं असं झालं होतं, आजारामुळे होतं म्हणाले, एवढं साधं सांगा.

आता मुख्य गोष्ट. एवढं मोठं पत्र लिहिलंत पण गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट काय आला याबद्दल एक अक्षर नाही! तिला तरी सांगितलंय का? डॉक्टर तुम्हाला बाहेर पॅसेजमधे बोलावून बोलतात आणि तुम्ही आत येऊन हसत उशी नीट करता, हे तिला कळत नसेल असं वाटतं का तुम्हाला? माझा अंदाज असा की ती बॅगवर रुसलेली नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि आपल्याच पोटाचं आपल्याला कोणी सांगत नाही यावर चिडली आहे. उद्या राउंडला डॉक्टरांना म्हणा, जे काय सांगायचं ते तिच्यासमोर सांगा. एक वही ठेवा, ताप किती, ड्रेनमधून (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) किती आलं, काय खाल्लं आणि पुढचे प्रश्न, आणि प्रश्न तिला विचारून लिहा. बॅग तात्पुरती की कायमची हा पहिला प्रश्न. लीकनंतरची बॅग पुष्कळदा तात्पुरती असते, काही महिन्यांनी बंद करतात, केमो द्यायची असेल तर ते लांबतं, पण तिच्या बाबतीत काय ते सर्जनच सांगू शकतील. शंका वाटली तर केसपेपरची कॉपी मागायचा आणि सेकंड ओपिनियन घ्यायचा हक्क आहे तुम्हाला, त्यात डॉक्टरांनी रागवायचं काही कारण नाही.

आणि ती रडली, चिडली तर ऐकून घ्या हो, लगेच समजूत काढायला धावू नका.

बॅग बदलायला तुम्ही स्वतः शिका, सिस्टरसमोर दोन-तीनदा करून बघा. स्टोमा, म्हणजे पोटावर बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, लालबुंद आणि ओला दिसतो, पहिल्यांदा बघून पोटात गोळा येतो, पण त्याला हात लागला तरी दुखत नाही. बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, बॅग कातडीला चिकटवायच्या चकतीचं भोक स्टोमापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं, नाहीतर आजूबाजूची कातडी सोलवटते. बॅग लहान आतड्यावरची असेल तर पाणी आणि मीठ भराभर जातं, ओआरएस कसं द्यायचं आणि दिवसाला किती गेलं की फोन करायचा हे डिस्चार्जच्या आधी लिहून घ्या. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही अशी बॅग असलेल्यांची संस्था आहे, बॅग लावून नोकरी-संसार करणाऱ्या एखाद्या बाईशी तिचं बोलणं करून दिलंत तर माझ्या या दोन पानांपेक्षा जास्त उपयोग होईल.

पैशाचं थोडक्यात सांगते, दर दोन-तीन दिवसांनी आत्तापर्यंतचं बिल मागा आणि पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा आहे का ते आजच बघा, कारण त्यापेक्षा महाग खोली घेतली तर नुसत्या खोलीचेच नाही, बाकीच्या बिलाचेही पैसे त्या प्रमाणात कापले जाऊ शकतात.

भावाला किंवा मेव्हण्याला आठवड्यातल्या दोन रात्री लावून द्या आणि तुम्ही पलंगावर झोपा, बाकड्यावर नाही. ‘तुम्ही घरी जा’ हे ती तुमचं तोंड बघूनही म्हणत असेल. मुलीला मात्र सगळं खरं सांगा, दहावीची पोर लहान नसते, शनिवार-रविवार तिला घेऊन या, आणि बॅग दाखवायची की पांघरूण वर ओढून घ्यायचं ते तिच्या आईला ठरवू दे.