आरोग्य अर्थशास्त्रासाठी लंडनला येण्यापूर्वी

आपण विट्याहून विचारले आहे की, अर्थशास्त्रात एम.ए. करून जिल्ह्याच्या डापकूमध्ये, म्हणजे एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकात, काम करत असताना एचआयव्ही प्रतिबंध आणि उपचारांच्या खर्चाचा अभ्यास करण्यासाठी लंडनला यावे का, पत्नीला सोबत आणता येईल का, आणि परदेशी निधी आटत असताना हे पाऊल योग्य ठरेल का. मी मूळचा मिरजेचा आणि इथे याच विषयात काम करतो. आपण जरूर यावे. परंतु निघण्यापूर्वी सांगलीतल्या एका एआरटी केंद्राचा, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या सरकारी केंद्राचा, खर्च स्वतः मांडून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

एका रुग्णामागे वर्षाला किती खर्च येतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. केंद्राच्या दप्तरात पगार आणि किरकोळ खर्च सापडेल, पण औषधांची किंमत सापडणार नाही, कारण ती औषधे नॅको ही केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था मध्यवर्ती खरेदी करून पाठवते; ही किंमत वेगळी शोधून मिळवावी लागते. समुपदेशकाचा वेळ तपासणी आणि उपचार यांत कसा विभागायचा, अल्प मानधनावर वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या श्रमाचे मोल काय धरायचे, हे त्यानंतरचे प्रश्न. सांगलीच्या गोकुळनगर या वेश्यावस्तीत संग्राम या संस्थेने 1990च्या दशकापासून जे काम उभे केले, त्याचा मोठा भाग अशाच श्रमांवर उभा आहे.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते रुग्णाच्या स्वतःच्या खर्चाकडे. 2004 पासून सरकारी केंद्रात औषधे मोफत मिळतात, एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. तरी जतहून सांगलीला येणाऱ्या बाईची त्या दिवसाची हजेरी बुडते, आणि द्राक्षाच्या छाटणीत मजुरी चांगली मिळत असताना ती केंद्राची तारीख पुढे ढकलते. गोळ्यांत वारंवार खंड पडून विषाणू औषधांना दाद देईनासा झाला, की दुसऱ्या फळीची महागडी औषधे लागतात आणि तो भार सरकारवरच येतो. हे साखळीसारखे जोडलेले गणित ज्याने जवळून पाहिले आहे, त्याचे प्रश्न इथल्या वर्गातही वेगळे असतात.

निधीबद्दलची आपली चिंता रास्त आहे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि ब्रिटननेही आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.5 टक्क्यावरून 2027 पर्यंत 0.3 टक्क्यावर आणण्याचे जाहीर केले, त्यामुळे केवळ एचआयव्हीवर विसंबून राहू नये. खर्च मांडण्याची हीच पद्धत क्षयरोगाला लागू पडते, आणि इंग्लंडमध्ये कोणते औषध सरकारी सेवेत घ्यायचे हे ठरवणारी नाइस ही संस्थाही असाच हिशेब मांडते. पद्धतीचा पाया पक्का करायचा असेल तर यॉर्क विद्यापीठ, रोगाच्या जवळ राहायचे असेल तर लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन, असे माझे मत आहे.

जानेवारी 2024 पासून सुरू होणाऱ्या शिकवणीच्या मास्टर्स अभ्यासक्रमांना ब्रिटनमध्ये सहसा जोडीदार सोबत आणता येत नाही, पीएच.डी.ला मात्र मुभा आहे. माहिती गोळा करण्याआधी नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी घ्या आणि आपल्या तक्त्यात एकाही रुग्णाचे नाव किंवा गाव येऊ देऊ नका. भारताच्या 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयता बंधनकारक आहे, आणि लहान गावात नुसत्या गावाच्या उल्लेखानेही माणूस ओळखू येतो.