मुलीने मेकॅनिकलचा डिप्लोमा करावा का: कारखान्यातल्या आजच्या कामाविषयी

ताई, आपण लिहिले आहे की मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली असून तिला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा आहे, पण घरातली वडीलधारी मंडळी तिला अडवत आहेत. त्यांचे म्हणणे असे की कारखान्यातले काम अंगमेहनतीचे आणि कळकट असते, ते मुलींचे नव्हे, आणि थोड्या वर्षांत रोबो ते हिरावून घेणारच आहेत. माझी सारी नोकरी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आधी मशीन शॉपमध्ये (यंत्रांवर धातूचे भाग कापण्याच्या विभागात) आणि नंतर गुणवत्ता तपासणी विभागात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत मोठा गैरसमज सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालून धातू कापणाऱ्या यंत्रांविषयी आहे. तयार झालेला भाग काढायचा, नवा लावायचा, दार बंद करून बटण दाबायचे, एवढे ऑपरेटरचे काम बाहेरच्या माणसाला दिसते आणि तेवढ्यावरून तो सगळ्या शॉपची किंमत ठरवतो. त्याच यंत्राचा सेटर, म्हणजे यंत्र कामासाठी जुळवून देणारा माणूस, काय करतो हे मात्र कोणी पाहत नाही. ड्रॉइंग वाचून भाग कुठे पकडायचा, कोणता पृष्ठभाग आधी कापायचा, कोणते टूल किती वेगाने चालवायचे हे तो ठरवतो, प्रत्येक टूलचा ऑफसेट (टूलच्या लांबी-जाडीनुसार यंत्राला द्यायची दुरुस्ती) घेतो, पहिला नग काढून मोजतो आणि मगच पुढच्या नगांना परवानगी देतो. या मोजण्यात किती विचार लागतो याचे एक उदाहरण देतो. समजा, १०० मिलिमीटर व्यासाच्या पोलादी भागाला मापात वरखाली मिळून फक्त ०.०२ मिलिमीटरच्या फरकाची मुभा आहे. पोलाद तापमानाच्या प्रत्येक अंशाला एका मीटरमागे साधारण ११ ते १२ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढते. कापताना तापलेला भाग मायक्रोमीटर या मोजण्याच्या साधनापेक्षा २० अंशांनी गरम असेल आणि सेटरने तो लगेच मोजला, तर व्यास जवळजवळ ०.०२३ मिलिमीटरने जास्त भरतो. त्या मापावर विसंबून त्याने ऑफसेट बदलला, तर पुढचे सगळे नग थंड झाल्यावर लहान निघतात आणि लॉटच्या लॉट नाकारला जातो. मापाचा आंतरराष्ट्रीय संकेत २० अंश सेल्सिअसचा आहे, म्हणूनच चांगल्या कारखान्याचा तपासणी कक्ष वातानुकूलित असतो आणि भाग तिथे निवल्याखेरीज अंतिम माप घेतले जात नाही. मे महिन्यात बडोद्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये हे भान ठेवून काम करणारा माणूस अंगमेहनत करत नसतो, तो सतत निर्णय घेत असतो.

हे काम मुलींचे नाही असे म्हणण्याला मला तांत्रिक आधार सापडत नाही. जड भाग होइस्टने किंवा क्रेनने उचलले जातात. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळणे असो, सीएमएम या त्रिमितीय मापयंत्रावर मापे घेणे असो किंवा प्रोग्रॅम लिहिणे असो, तिथे ताकदीपेक्षा एकाग्रता आणि शिस्त लागते. खऱ्या अडचणी वेगळ्या आहेत आणि त्या मी लपवणार नाही. रात्रपाळी असली तर येण्याजाण्याची सोय काय, कंपनीची बस घरापासून किती अंतरावर सोडते, स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली आहे का, हे प्रश्न लहान युनिटमध्ये आजही बिकट आहेत. नोकरी स्वीकारण्यापूर्वी ते स्पष्ट विचारावेत आणि विचारताना संकोच करू नये. तसेच सगळे कारखाने स्वच्छ असतात असेही नाही. फाउंड्री (धातूचे ओतकाम) आणि फोर्जिंगमध्ये (तापलेला धातू ठोकून घडवण्याच्या कामात) उष्णता, धूळ आणि आवाज असतो. तिला कोणत्या प्रकारच्या शॉपमध्ये रमता येईल हे तिने प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे.

रोबोंबद्दल वडीलधाऱ्यांची भीती अर्धी खरी आहे. एकाच जागी तेच तेच वेल्डिंग करणे, भाग चढवणे-उतरवणे आणि डोळ्यांनी एकसारखी तपासणी करणे ही कामे कमी होत जाणार. मात्र रोबोला वाट शिकवणे, त्याचे फिक्श्चर (भाग घट्ट धरून ठेवणारा साचा) बनवणे, वेल्ड बिघडल्यावर कारण शोधणे, देखभाल करणे ही कामे माणसाकडेच राहतात, आणि ज्याला मूळ प्रक्रिया हाताने येते त्यालाच ती नीट जमतात.

इथे थोडे विषयाच्या कडेने लिहितो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था उभारली ती हाताला शास्त्राची जोड मिळावी म्हणून, आणि त्याच शहरातल्या आपल्या मराठी घरांत बँक किंवा संगणक यांखेरीज नोकरीच नाही असे मानले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. आज दिल्ली-मेरठ मार्गावरच्या नमो भारत गाड्या बडोद्याजवळच्या सावली या गावी बनल्या आहेत, आणि हवाई दलाच्या ५६ सी-२९५ मालवाहू विमानांपैकी ४० आपल्या शहरात जोडण्याचे ठरले आहे. हे सांगण्याचा हेतू असा की मागणी दूर कुठे नाही, बसच्या अंतरावर आहे.

आता निवडीचे. डिप्लोमा तीन वर्षांचा असतो आणि पुढे डी टू डी (डिप्लोमा टू डिग्री) प्रवेशातून पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते, त्यामुळे तिची वाट बंद होत नाही. हाताने काम करण्याची ओढ अधिक असेल तर आयटीआयमधला टूल अँड डाय मेकर किंवा मशिनिस्ट हा दोन वर्षांचा ट्रेडही कमी समजू नये. कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा वर्कशॉप पाहावे: यंत्रे चालू आहेत का, विद्यार्थी स्वतः ती चालवतात की केवळ बघतात. पुढे नोकरीच्या वेळी नेमणूकपत्र कंपनीचे आहे की ठेकेदाराचे, पीएफ आणि ईएसआय कोणाच्या नावाने भरला जातो, हे आधी पाहावे, कारण ठेक्यावरच्या माणसाला बहुधा एकाच यंत्रावर वर्षानुवर्षे बटण दाबत ठेवतात आणि त्याचे शिक्षण तिथेच थांबते. सुरुवातीचा पगार बेताचाच असेल. दोन नोकऱ्यांपैकी एक निवडायची वेळ आली, तर जिथे सेटिंग आणि मोजमाप शिकवायला कोणी अनुभवी माणूस आहे तीच तिने घ्यावी, मग तिथे हातात येणारे पैसे थोडे कमी असले तरी चालेल.